गाडीचा फोटो: साधा स्नॅप नीट कसा काढायचा आणि करामती कुठे करायच्या

खंडेनवमीच्या संध्याकाळी बेळगावात कुणाचंही स्टेटस उघडा. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदी-कुंकू आणि मधोमध नाक फुगलेली गाडी. दुसऱ्या टोकाला चोर्ला घाटातले फोटो: केशरी-निळा फिल्टर, कडेला काळोखी, आभाळ इतकं ओढलेलं की ढगांना कडा फुटलेल्या. पहिला प्रकार घाईचा, दुसरा हौसेचा. दोन्हींत एकच गोष्ट राहून जाते. पत्र्यावर काय दिसतंय, ते कुणी पाहिलेलंच नसतं.

साधा फोटो वाईट आणि कलात्मक फोटो चांगला, असं मी मानत नाही. गाडी विकायची असेल, इन्शुरन्सवाल्याला पाठवायची असेल किंवा शोरूममधून बाहेर पडताना आई-वडिलांसोबत आठवण ठेवायची असेल, तर स्वच्छ, सरळ स्नॅपच हवा. तिथे पॅनिंग (पळत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं) आणि लाइट पेंटिंग (अंधारात दिवा फिरवून गाडी उजळणं) करणाऱ्याला हात जोडावेत. पण साधा फोटो नीट जमल्याशिवाय करामतीकडे वळू नये, कारण करामतीतही पाया तोच लागतो. म्हणून या लेखाचा क्रमही तसाच आहे: आधी साधा फोटो, मग प्रकाश, मग तंत्रं.

साधा फोटो, पण नीट

गाडी धुवा आणि मुख्य म्हणजे पुसा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग डोळ्याला दिसत नाहीत, पण तिरक्या उन्हात फोटोत ठळक येतात. वॉशिंग सेंटरमधून आणलीत तरी डिकीत एक कोरडं मायक्रोफायबर फडकं ठेवा. नंबर प्लेट, हेडलाइटच्या काचा, अलॉय चाकांच्या कडा आणि काचेवरचे जुने स्टिकर एवढं फोटोच्या आधी पाहिलं तरी पुरे. डॅशबोर्डवरची टोलची पावती आणि पाण्याची बाटली समोरच्या काचेतून दिसते, तीही काढा.

आता गाडीपासून लांब जा. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद बघतो, साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतका. दोन मीटरवरून काढलं की जवळचा हेडलाइट भला मोठा आणि मागची डिकी चिमणीएवढी दिसते. सहा-आठ मीटर मागे सरा आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स निवडा. कॅमेरा असेल तर ७० ते १०० मिलिमीटर, आणि गाडी फ्रेममध्ये मावेल इतकं अजून मागे. गाडी तिच्या खऱ्या प्रमाणात बसते आणि मागचा डोंगरही जवळ ओढला जातो. बोटांनी चिमटून केलेला डिजिटल झूम मात्र टाळा, त्यात पोत मरतो.

उंची हेडलाइटएवढी ठेवा. उभं राहून काढलेल्या फोटोत टप जास्त आणि रुबाब कमी. गुडघ्यावर बसलात की गाडी जमिनीला चिकटून भारदस्त दिसते. उंच एसयूव्ही असेल तर अजून थोडं खाली जायला हरकत नाही. फार खाली गेलात तर मात्र बंपरच्या पोटातलं काळं प्लास्टिक दिसायला लागतं.

पुढचा कोपरा आणि एक बाजू एकत्र दिसेल असे उभे राहा आणि पुढची चाकं वळवून ठेवा. इथे बहुतेक जण उलटं करतात. स्टेअरिंग तुमच्यापासून दूर फिरवायचं. तुम्ही गाडीच्या डाव्या कोपऱ्यात असाल तर चाक उजवीकडे. तेव्हा अलॉयचं तोंड कॅमेऱ्याकडे येतं. उलट वळवलंत तर टायरची नक्षी दिसते, अलॉय लपतं. ते अलॉय दाखवण्यासाठीच तर पैसे मोजलेले असतात.

शेवटी मागे बघा. टपातून उगवलेला विजेचा खांब, आरशाला चिकटलेला केबलचं जाळं, मागून डोकावणारा दुसऱ्या कुणाचा बंपर. टिळकवाडीच्या गल्लीत हे टाळायचं तर कधीकधी गाडी हातभर पुढे घेतली तरी काम होतं. "जरा फुडं घे की रे" एवढं म्हणायचा आळस करू नका. मागच्या डोंगराची किंवा झाडांची रेघ टपाला कापत जाऊ नये. ती टपाच्या वर तरी असावी, नाहीतर खिडकीच्या काचेमागून जावी.

मोबाइलमध्ये गाडीवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग बाजूची पट्टी ओढून उजेड कमी-जास्त करा. पोर्ट्रेट मोड गाडीला वापरू नका. तो अँटेना खातो आणि आरशाच्या कडा कुरतडतो.

पत्रा म्हणजे आरसा

रंगावर पारदर्शक कोट असतो आणि तो चकचकीत असतो. त्यामुळे गाडीचा फोटो म्हणजे बऱ्याच अंशी तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांना हे सगळ्यात जास्त लागू. हे एकदा डोळ्यांत बसलं की फोटो बदलतात.

करून बघा. सूर्य मावळून पाच-दहा मिनिटं झाली असताना गडद निळी सेडान येळ्ळूरच्या शिवारात, बाजूला मोकळं शेत असेल अशी लावा. वर उजळ आभाळ, खाली काळसर भात. दारांवर पाहा. खांद्याची जी घडी हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत धावते, तिच्या वरचा पत्रा आभाळाकडे तोंड करून असतो, म्हणून उजळतो. खालचा पत्रा शेताकडे पाहतो, म्हणून गडद राहतो. या दोहोंच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ उमटते. डिझायनरने जी घडी पत्र्यात घातली, ती अशा वेळीच दिसते. आता तीच गाडी आहे तिथून दोन हात झाडाकडे सरकवा. रेघ मोडते, दारावर फांद्यांची जाळी पडते आणि आकार गायब होतो. जागा तीच, कॅमेरा तोच, फरक फक्त समोर काय आहे त्याचा.

म्हणून गाडी लावताना पाठीमागचं दृश्य बघायच्या आधी, तुमच्या पाठीमागे काय आहे ते बघा. दारावर तेच उमटणार. पांढरी भिंत असेल तर पांढरा पट्टा, पत्र्याचं शेड असेल तर त्याच्या नागमोडी रेघा, तुम्ही भडक शर्ट घातला असेल तर तुम्ही स्वतः. काळ्या गाडीचा फोटो काढायला गडद कपडे घालून जावं, आणि सोबतच्या मित्रांना फ्रेमबाहेर नव्हे, प्रतिबिंबाबाहेर उभं करावं.

आपल्या भागात जमिनीचा रंगही पत्र्यावर चढतो. खानापूर-जांबोटीकडे तांबडी माती. ऊन वर असताना पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीच्या दारांच्या खालच्या अर्ध्यावर फिकट तांबूस झाक येते. काहींना ती आवडते, मला विटकरी डाग वाटतो. डांबरावर गाडी घेतली की ती जाते. याउलट बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी जमीन काहीच परत फेकत नाही, तिथे गाडीचा खालचा भाग गडद आणि नेटका राहतो. रंगसंगतीही त्याप्रमाणे निवडा: तांबड्या मातीवर निळी, पांढरी, राखाडी गाडी उठून दिसते, लाल गाडी बुडते. काळ्या मातीत लाल आणि पिवळ्याला तोड नाही.

वेळ कोणती? सकाळी दहा ते चारच्या दरम्यान टपावर सूर्याचा पांढरा ठिपका आणि दारांवर काळोख, एवढंच मिळतं. सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा-पाऊण तास उबदार प्रकाशाचा, आणि नंतरची वीसेक मिनिटं त्याहून चांगली. तेव्हा सगळं आभाळच एक मोठा मऊ दिवा होतं. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सातच्या पुढे-मागे मावळतो. त्याच्या तासभर आधी जागेवर पोचा. लोक सूर्य बुडाला की कॅमेरा पिशवीत घालतात आणि खरी वेळ हुकवतात.

उजेडाचं मोजमाप करताना कॅमेरा सगळं करड्या रंगाकडे ओढतो. पांढरी गाडी मळकट येते, काळी गाडी धुरकट. पांढरीला एक्स्पोजर साधारण अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवा, काळीला तेवढंच कमी करा, मग स्क्रीनवर बघून दुरुस्त करा. टपावरचा उजेड पूर्ण पांढरा फुटला तर तो नंतर परत आणता येत नाही. रॉ फाइलमध्येसुद्धा (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) मर्यादा असतेच.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा चमक कापणारा फिल्टर, घ्यायचा का? घ्या. पैसे घालवायचेच तर कॅमेरा बदलण्याआधी त्यावर घाला. काच आणि रंगावरच्या कोटची चमक तो कापतो, उघड्या धातूची किंवा क्रोमची कापत नाही. पुढच्या काचेवर आभाळाचा पडदा आला असेल तर फिरवत फिरवत तो उतरवता येतो आणि आतली स्टेअरिंग दिसते. पण शेवटपर्यंत फिरवू नका. सगळं प्रतिबिंब गेलं की पत्रा रबरासारखा निर्जीव दिसतो. आणखी एक: बाजूच्या काचा टफन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) असतात, त्यांच्यावर पोलरायझरमधून ठिपक्यांची नक्षी उमटते. काच खराब झाली म्हणून घाबरू नका, थोडा कोन बदला.

जागा, आणि जागेची रीत

राजहंसगडाचा रस्ता, उचगाव-बेक्किनकेरीकडचे गावरस्ते, शहापूर-वडगावच्या शिवारातल्या पायवाटांलगतचा डांबरी तुकडा. भात ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवंगार असतं, नोव्हेंबरात पिवळं पडतं, कापणीनंतर मोकळं रान. तिन्ही वेळी तीच जागा वेगळी. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते, एप्रिलमध्ये धुरकट. चोर्ल्याचा गोव्याकडचा उतार पश्चिमेला, म्हणून तिथे सकाळी ऊन उशिरा येतं, संध्याकाळीच जायचं.

शेतात चाक घालण्याआधी विचारा. कुणीतरी बांधावरून "काय करूलालायसा हितं?" विचारतंच, तेव्हा कॅमेरा खाली करून सांगितलं की बहुतेक वेळा तेच शेजारचं रिकामं रान दाखवतात. कॅम्प परिसरात लष्करी हद्द आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथेच. त्या भिंती, फाटकं, पाट्या फ्रेममध्ये नकोत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गाडी रस्त्यावरून खाली उतरवायची नाही. ड्रोन उडवायचा तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर लाल-पिवळा पट्टा तपासा, कारण सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी हद्द दोन्ही जवळ.

पॅनिंग: गती दाखवायची असेल तर

सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या शटरने (शटर म्हणजे कॅमेरा किती वेळ उघडा राहतो ते) पळत्या गाडीचा फोटो काढलात तर ती उभी दिसते. चाकं गोठतात. वेग दाखवायचा तर शटर हळू हवं आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरायला हवा.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. छोट्या गाडीच्या टायरचा घेर सुमारे २ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेपाच वेळा फिरतं. एका सेकंदाच्या ५०० व्या भागात ते जेमतेम ४ अंश हलतं, म्हणून गोठलेलं दिसतं. ६० व्या भागात ३३ अंश. ३० व्या भागात ६६ अंश. अलॉयला पाच काड्या असतील तर दोन काड्यांमधलं अंतर ७२ अंश, त्यामुळे ३० व्या भागात जवळजवळ सगळी पोकळी भरून चाकाची तबकडी होते. ६० ला काड्या ओळखू येतात आणि फिरतानाही दिसतात. सुरुवात ६० ने करा, हात बसला की ३० ला या.

रस्ता सरळ आणि कमी वर्दळीचा निवडा. महामार्ग ४८ या कामाचा नव्हे. मित्राला सांगा, वेग ४० वर कायम ठेव, ब्रेक नाही, हॉर्न नाही. रस्त्याच्या काटकोनात, रस्त्यापासून दहा-बारा मीटर मागे उभे राहा. रस्त्याच्या काठावर नको. पाय त्या बिंदूकडे रोखा जिथे गाडी अगदी समोर येईल, आणि कंबर वळवून गाडी येत असेल तिकडे वळा. पाय गाडीकडे आणि अंग समोर असं उलटं केलंत तर नेमक्या क्षणी शरीर ताठ होतं. कोपर पोटाशी. गाडी दिसताच फ्रेममध्ये घ्या आणि हेडलाइट किंवा दाराची मूठ फोकसच्या चौकोनात धरून फिरत राहा. समोर यायच्या आधीपासून बर्स्ट (सलग फोटो) दाबा आणि गाडी निघून गेली तरी अंग फिरवायचं थांबवू नका. शटर सोडताच हात थांबला की शेवटचे, बहुधा सगळ्यात चांगले, दोन-तीन फोटो हलतात.

फोकस सतत चालणाऱ्या मोडवर. लेन्सला स्थिरीकरणाचा दुसरा, पॅनिंगसाठीचा मोड असेल तर तो, नसेल तर बंद. दुपारच्या उन्हात ६० चं शटर ठेवलं तर उजेड फार होतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि अॅपर्चर एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान) करूनही भागलं नाही तर ८ पटीचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावा, नाहीतर ढगाळ दिवस निवडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तोच दिवस असतो. मोबाइलमध्ये प्रो मोडवर शटर हाताने ठरवा. दहातला एखादाच फोटो तीक्ष्ण येईल, व्यवहारच तसा आहे.

मागे उसाचा फड किंवा झाडांची रांग असेल तर रेघा छान ओढल्या जातात. मोकळं आभाळ मागे असेल तर रेघा ओढायला काहीच नसतं आणि गाडी पुन्हा उभी वाटते.

एका गाडीतून दुसऱ्या गाडीचा फोटो, म्हणजे रोलिंग शॉट, याचं आकर्षण मला कळतं. पण डिकी उघडी ठेवून पाय बाहेर सोडून बसणारे घाटात दिसतात, तो प्रकार करू नका. मागच्या सीटवर पट्टा लावून, काच खाली करून, बंद रस्त्यावर किंवा खासगी आवारात, ताशी ३० च्या आत. फोटोत वेग ८० चा दिसतो. हळू शटरचं कामच ते आहे.

रात्र: लाइट पेंटिंग

हे तंत्र खर्चिक वाटतं, पण लागतं काय? ट्रायपॉड, एक एलईडी पट्टी किंवा टॉर्च, आणि चांगला अंधार. जांबोटी रस्त्यावरच्या गावाबाहेर तो मिळतो. दाट अंधार हवा, एखादा हॅलोजनसुद्धा आड येतो.

आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८, शटर २० ते ३० सेकंद. फोकस टॉर्चने हेडलाइटवर उजेड पाडून आधी लावा आणि मग मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात कॅमेरा चाचपडत बसतो. सेल्फ टायमर लावा, कारण बटण दाबल्याचा धक्काही ३० सेकंदांत दिसतो.

शटर उघडल्यावर दिवा टपाच्या वर, डोक्यापेक्षा उंच धरून गाडीच्या मागून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारख्या चालीने चाला. दिव्याचं तोंड पत्र्याकडे, कॅमेऱ्याकडे नाही. टपावर आणि बॉनेटवर सलग उजळ रेघ उमटते. मध्येच थांबलात की तिथे गाठ पडते. दुसऱ्या फोटोत फक्त बाजू, तिसऱ्यात फक्त चाकं, चौथ्यात पुढचा भाग. हेडलाइटचा फोटो वेगळा घ्या आणि ते सेकंदभरच चालू ठेवा, नाहीतर समोरचं सगळं पांढरं होतं. कपडे गडद आणि सतत हालचाल, म्हणजे तुम्ही फ्रेममध्ये उमटत नाही. नंतर घरी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकावर एक ठेवून लायटन ब्लेंड मोड दिला की प्रत्येकातला उजळ भाग तेवढा वर येतो. हे सगळं करताना ट्रायपॉड केसभरही हलता कामा नये, आणि गाडीत कुणी बसून हालचाल करू नये. स्प्रिंगवर गाडी डुलते आणि कडा दुहेरी येतात.

महामार्गावरच्या वाहनांच्या प्रकाशरेघा हव्या असतील तर पुलाच्या पादचारी भागावरून, १० ते १५ सेकंदांचं शटर देऊन काढा. आपली गाडी तिथे थांबवून तिच्यामागे रेघा घ्यायचा मोह टाळा. हजार्ड लावलेली गाडी महामार्गाच्या कडेला म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आमंत्रण.

पाऊस आणि धुकं

चोर्ल्याच्या धुक्यात फोटो मळकट येतो कारण कॅमेरा धुकंही करडं करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा. पार्किंगचे पिवळे दिवे लावा, हाय बीम नको, ती धुक्यावर आपटून पडदा तयार करते. ओल्या डांबरावर टेललाइटचं लाल प्रतिबिंब घ्यायचं तर कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा. पत्र्यावरचे थेंब मोत्यासारखे दिसावेत असं वाटत असेल तर दोन दिवस आधी वॅक्स करा. वॅक्स नसलेल्या पत्र्यावर पाणी पसरतं, थेंब धरत नाही. एलईडी दिवे काही गाड्यांत भराभर लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही, पण जलद शटरला एक पट्टी विझलेली येते. शटर १२५ किंवा त्याहून हळू करून पाहा.

विकायच्या गाडीचे फोटो

इथे करामत अजिबात नको. घेणाऱ्याला ओरखडा दिसायला हवा. ढगाळ उजेडात चारही कोपरे, दोन्ही बाजू, इंजिन, मीटरवरचं रीडिंग, सगळ्या सीट, डिकीतली स्टेपनी, टायरची नक्षी, आणि जिथे टिचलं असेल ती जागा जवळून. आतले फोटो मागच्या सीटच्या मधोमध बसून, मागची दारं उघडी ठेवून घ्या, म्हणजे सावल्या मऊ पडतात. रंग बदलणारा फिल्टर लावू नका. गाडी बघायला निपाणीहून आलेला माणूस दारात उभा राहून "फोटोत वेगळीच होती" म्हणाला की भाव तिथेच पडतो.

एडिटिंगमध्ये क्षितिज सरळ करा, कडेचा कचरा छाटा, सावल्या जरा उचला, रंगाला हात कमी. गाडीचा रंग कंपनीच्या रंगाशी जुळायला हवा. ऑनलाइन टाकण्याआधी नंबर प्लेट झाका. ती पांढऱ्या चौकोनाने झाकण्यापेक्षा प्लेटच्याच रंगाचा ठोकळा ठेवा, नाहीतर नजर आधी तिथेच जाते. मूळ फाइल वेगळी ठेवा. विमा किंवा कागदपत्रांसाठी तीच लागते, आणि तिच्यावर प्लेट झाकलेली असून चालत नाही.